ग्रुपवर धीर मिळतो, स्ट्रिप कोण देणार?

दरवर्षी १४ नोव्हेंबरला आपल्याकडे बालदिन असतो आणि जगभर मधुमेह दिन. पहिला नेहरूंच्या जन्मदिवसामुळे, दुसरा इन्सुलिनच्या शोधातले प्रमुख संशोधक फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिवसामुळे. एकाच तारखेला आलेले हे दोन दिवस मधुमेह झालेल्या मुलाच्या निमित्ताने तरी एकमेकांना भेटायला हवे होते. भेटत नाहीत. बालदिनाला शाळेत चॉकलेटे वाटतात, मधुमेह दिनाला चाळिशी ओलांडलेल्यांना सकाळी चालायला सांगतात. आणि ज्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा सुई टोचून घेऊन जगावे लागते, ते मूल दोन्ही कार्यक्रमांत कुठेच नसते.

या मुलाविषयी आणि त्याच्या आईबापांविषयी आम्हाला बोलायचे आहे. आजार आणि चळवळ यांचा काय संबंध, असे विचारणारे मित्र आहेत. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे.

टाइप वन मधुमेह गोड खाल्ल्याने, लाडाने किंवा बसून राहिल्याने होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. त्यात मुलाचा दोष नाही, आईचा तर नाहीच नाही. गोळ्यांनी भागत नाही. इन्सुलिन बाहेरून द्यावे लागते, रोज, जन्मभर. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी या आजाराचे निदान म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच होती. शोधकर्त्यांनी त्या शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकले, म्हणजे औषध कुणाच्या तिजोरीत अडकू नये. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची अशी सव्वादोन लाखांहून अधिक मुले-मुली आहेत. तेव्हाच्या त्या यादीत एवढी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याही देशाची नव्हती.

आता चाकणला या. खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी. पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी ओळखला जाणारा हा मुलूख आज गाड्यांचे सुटे भाग ओततो, घासतो, जोडतो. ही कामे करणारे हात बीड, नांदेड, परभणी, हिंगोली, वाशिम, बुलढाण्यातून आलेले आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधूनही आलेले आहेत. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, बाहेर सामाईक नळ. यातले बहुसंख्य ठेकेदाराच्या हजेरीवरचे. जात विचाराल तर आमचे, म्हणजे बौद्ध, मातंग, चर्मकार, भटके, आदिवासी, आणि जमीन तुकड्या-तुकड्यांनी संपलेले मराठा-कुणबीही.

या खोल्यांमध्ये टाइप वन कसा येतो, ते आम्ही पाहिले आहे. तपशील बदलतात, क्रम बदलत नाही. मूल तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागते. रात्री चार-चार वेळा उठते, मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते. कपडे सैल होतात. शेजारीण म्हणते, उन्हाळा आहे. मग एक दिवस पोटात दुखते, उलट्या होतात. कोपऱ्यावरचा डॉक्टर गॅस्ट्रो म्हणतो, सलाईन लावतो, कधी कधी तर ग्लुकोजचीच बाटली. मूल धापा टाकू लागते, श्वासाला कुजलेल्या फळासारखा वास येतो. तेव्हा कुठे पिंपरीच्या वायसीएमकडे धाव, आणि मध्ये तळेगाव चौकातली आणि आंबेठाण चौकातली ती कुप्रसिद्ध कोंडी. बोटातून एक थेंब रक्त आणि एक स्ट्रिप, एवढ्यावर पाच सेकंदांत जे कळले असते, ते कळायला आठ दिवस लागतात आणि मूल अतिदक्षता विभागात पोहोचते.

मूल वाचले तर चार-सहा दिवसांनी घरी येते. हातात एक कागद, एक बाटली, काही सिरिंज. खरी शाळा इथून सुरू होते आणि ती शाळा सरकारने कुठेच उघडलेली नाही. ती उघडली आहे दुसऱ्या आईबापांनी. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरची बाई नंबर देते, "ताई, आमच्या ग्रुपमध्ये या." त्या ग्रुपवर काय चालते हे ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांना 'समदुःखींचा आधार' म्हणजे रडारड आणि सुविचार वाटतात. तसे नाही. तिथे ज्ञान वाटले जाते, आणि ते ज्ञान जीव वाचवणारे आहे.

एकच उदाहरण सविस्तर सांगतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिटची आणि १०० युनिटची. प्रत्येकीची सिरिंज वेगळी. चाळीसवालीचे टोपण लाल, शंभरवालीचे नारिंगी. मेडिकलवाल्याने घाईत एकीसोबत दुसरी दिली आणि बापाने नेहमीच्या रेघेपर्यंत औषध भरले, तर मुलाला अडीचपट डोस जातो किंवा निम्म्याहूनही कमी. हे कागदावर लिहिलेले असते, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ग्रुपवरची बाई दोन सिरिंज शेजारी ठेवून फोटो टाकते आणि बोलून सांगते, "दादा, टोपणाचा रंग बघितल्याशिवाय सुई उचलायची नाही." दहावी नापास बापाला हे एकदा कळले की जन्मात विसरत नाही.

तसेच मडक्याचे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. डॉक्टर म्हणतात, फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज कुणाकडे आहे? एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली भट्टी होते. मग मातीचे एक मडके, त्याभोवती ओली वाळू, वर ओले फडके, आत डबीत बाटली. फ्रिजची बरोबरी होत नाही, पण वापरातली बाटली उन्हाळ्यात टिकते. ही युक्ती कुठल्या कंपनीने विकलेली नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: मूल तापाने फणफणले, जेवत नाही, उलट्या करते, म्हणून 'आज सुई नको' असे आई मायेने ठरवते. ती माया त्या दिवशी घातक ठरते. आजारपणात इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते. साखर पुन्हा पुन्हा तपासायची, पाणी पाजत राहायचे आणि डॉक्टरांना विचारून डोस ठरवायचा. हे वाक्य ज्या आईने स्वतः एकदा मूल जवळजवळ गमावले आहे, तिच्या तोंडून ऐकले की पटते.

रात्री दोन वाजता कुणी लिहिते, "मीटर ४८ दाखवतंय, पोरगं घामाने भिजलंय." पाच मिनिटांत तिघांची उत्तरे. शुद्धीत आहे ना, गिळता येते ना? मग तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ही उत्तरे देणाऱ्यांना पगार नाही. त्यातली एक नाशिकमध्ये भाजी विकते, एक लातूरला अंगणवाडीत आहे. बाबासाहेबांनी ज्याला बंधुता म्हटले, ती आम्हाला या रात्रीच्या तीन उत्तरांमध्ये दिसते.

तेव्हा आम्ही ग्रुपच्या विरोधात आहोत असे कुणी समजू नये. छत्रपती संभाजीनगरची 'उडान', मुंबईचे जुव्हेनाइल डायबिटीस फाउंडेशन, समदुःखींच्या जोड्या लावून देणारे 'ब्लू सर्कल' ही माणसे खपून काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही नोव्हेंबर २००७ मध्ये मधुमेहींच्या परस्पर आधारावर खास सल्लामसलत घेतली होती. आधार लागतो, हे सिद्ध आहे. आमचे भांडण वेगळे आहे. हा आधार कुणापर्यंत पोहोचतो, कुणाच्या भाषेत पोहोचतो आणि त्याच्या आडून सरकार व मालक काय काय टाळतात, हा आमचा प्रश्न आहे.

मोठमोठ्या ग्रुपांवर चर्चा चालते ती दंडाला चिकटवायच्या सेन्सरची आणि इन्सुलिन पंपाची. एक सेन्सर चौदा दिवस चालतो आणि चार-पाच हजारांना पडतो. चर्चा अर्धी इंग्रजीत. त्यात खराबवाडीची आई एक शब्द टाकत नाही. तिला वाटते, आपण विचारले तर हसतील. तिचा प्रश्न वेगळाच असतो: दिवसाला चार स्ट्रिप सांगितल्यात, दोनच परवडतात, तर त्या दोन कधी वापरू? हिशेब करा. वीस रुपयांची एक स्ट्रिप धरली तर दिवसाला ऐंशी, महिन्याला चोवीसशे. त्यावर इन्सुलिन, सुया, पुण्याची ये-जा आणि त्या दिवसाचा बुडालेला खाडा. खोलीच्या भाड्याएवढा पैसा मुलाच्या बोटाच्या टोकावर जातो. 'साखर नियंत्रणात ठेवा' असे सांगणाऱ्याने आधी या चोवीसशे रुपयांचे उत्तर द्यावे.

आणि ऑनलाइन म्हणजे काय, हेही एकदा चाकणमध्ये उभे राहून बघा. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या एका बापाने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरमधले आकडे स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने इंटरनेटवर आणले, म्हणजे मूल शाळेत असताना कामावर बसून त्याची साखर पाहता येईल. कंपनी ती सोय देत नव्हती. त्याने ती युक्ती इतर पालकांना दिली, हजारो पालक जोडले गेले आणि 'आम्ही वाट पाहणार नाही' ही त्यांची घोषणा झाली. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. पण आमच्या कामगाराचा मोबाईल कुठे असतो? गेटवर. लॉकरमध्ये. लाइनवर फोन नेला तर गेट पास जातो. मुलाची साखर घसरली आणि शाळेतून फोन आला, तर तो बंद लॉकरमध्ये वाजत राहतो. सुपरवायझरला निरोप मिळतो जेवणाच्या सुट्टीत, आणि दुसऱ्या पाळीचा मोबदला माणूस आला नाही तर बापाला सुटता येत नाही. एका बापाला याच कारणाने तीनदा लवकर निघाल्यावर ठेकेदाराने 'उद्यापासून येऊ नको' सांगितले. कंपनीचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण अशी एकच कंपनी नाही.

घरात दुसरा स्मार्टफोन नसतो. असलाच तर तो बापाच्या खिशात, आणि मुलाची सुई, जेवण, रात्रीचे उठणे सगळे आईकडे. ग्रुप बापाच्या फोनवर, आजार आईच्या हातात! ही साधी गोष्ट आधाराचे ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यात का येत नाही? कारण त्यांनी कल्पिलेल्या 'पालका'कडे स्वतःचा फोन, स्वतःची खोली आणि स्वतःचा वेळ असतो. असा पालक कोणत्या वस्तीत राहतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

जात इथेही येते, आणि ती ताटातून येते. आहाराचा सल्ला म्हणून जे तक्ते फिरतात त्यांत पोळी, वरण, मोड आलेली उसळ, ताक. आमच्या घरातले बोंबील, सुकट, खिमा, वजडी, रविवारचे मटण त्यात नाहीत. उलट कुणीतरी 'सात्त्विक' सल्ला देतोच: मांसाहार सोडा, साखर उतरेल. हे शास्त्र नाही, हा सोवळेपणा आहे. मटणात कर्बोदके जवळजवळ नसतातच. इन्सुलिनचा हिशेब करायचा असतो तो सोबतच्या भाकरीचा, भाताचा. वाढत्या वयाच्या, आधीच वजन घटलेल्या पोराच्या ताटातले अंडे आणि मटण काढून घ्यायला सांगणारा माणूस त्याचा हितचिंतक नाही. 'ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते' हाही तसाच गैरसमज, आणि तो आपल्या लोकांनीच पसरवलेला आहे.

त्याहून विषारी म्हणजे कर्माची भाषा. 'मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.' आजीच्या, शेजाऱ्याच्या, कधी शिकलेल्या शिक्षकाच्या तोंडून ही ओळ त्या आईच्या कानावर पडते. ज्या समाजाला हजारो वर्षे हीच ओळ ऐकवून गावाबाहेर ठेवले, त्या समाजाच्या घरात ती पुन्हा शिरता कामा नये. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते हा सिद्धान्त नाकारला, कारण तो माणसाला जबाबदारीतून आणि समाजाला अपराधातून मोकळा करतो. कर्माच्या पाठोपाठ येतो चूर्णवाला. 'इन्सुलिनची सवय लागते, आमच्या काढ्याने तीन महिन्यांत सुई सुटेल.' टाइप वनच्या मुलाची सुई सोडली तर काही दिवसांत ते मूल मरणाच्या दारात जाते. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचे नाव स्पष्ट आहे. तरी या जाहिराती पालकांच्या ग्रुपवर रोज येतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा गुन्हा म्हणून लिहिला आहे. इन्सुलिन बंद करायला लावणाऱ्याचा तसा उल्लेख त्यात नाही. तो यायला हवा. नरेंद्र दाभोलकरांच्या रक्तावर मिळालेल्या कायद्याची ती साधी दुरुस्ती आहे.

मुलगी असेल तर आणखी एक थर. नातेवाइकांत बोलायचे नाही, फोटो टाकायचा नाही, 'पुढे लग्न कसं होणार.' ग्रुपवर मुलांच्या पालकांनी ठेवलेले फोटो दिसतात, मुलींचे पालक टोपणनावाने असतात. लपवलेल्या आजाराची सुई शाळेत घेता येत नाही, आणि चुकलेल्या सुईचा हिशेब मुलीचे डोळे आणि किडन्या पुढे चुकवतात.

आता सरकारकडे वळू. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत या मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहेत. म्हणजे आमचे पोर बेशुद्ध होऊन खाटेवर पडले तर कागद हलतो. ते बेशुद्ध पडू नये म्हणून रोज लागणारी स्ट्रिप मात्र त्याच्या बापाने घ्यायची. ज्या महात्म्याचे नाव या योजनेला आहे, त्यांनी आणि सावित्रीमाईंनी साथीच्या रोग्यांसाठी, अनाथ लेकरांसाठी घराची दारे उघडली होती. खाटेवर येईपर्यंत थांबा, असे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. असंसर्गजन्य आजारांची सरकारी तपासणी सुरू होते वयाच्या तिसाव्या वर्षी. शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, पण त्याच्या तीस आजारांच्या मूळ यादीत मधुमेह नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला, एकवीस प्रकार त्यात आले, थॅलसेमिया आणि सिकलसेल आले हे चांगलेच झाले. टाइप वन राहिला. आमचे पोर कोणत्याच यादीत बसत नाही आणि म्हणून ते कुणाचेच नाही.

हे अशक्य आहे म्हणून होत नाही काय? केरळात 'मिठायी' नावाची सरकारी योजना आहे. टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन, साधने आणि सोबत समुपदेशनही ती देते. पश्चिम बंगालने जिल्हा रुग्णालयांत टाइप वनचे वेगळे दवाखाने उघडले. केंद्रीय बाल हक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून सांगितले की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्या, सुई घेऊ द्या, खाऊ द्या. सीबीएसईने तर २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेत गोळ्या, फळ, पाणी नेऊ दिले. चाकणच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांना हे कुणी शिकवलेले नाही. त्यांना सुईची भीती वाटते, म्हणून त्या आईला रोज दुपारी शाळेत बोलावतात. आईची नोकरी सुटते ती अशी. आणि समाजकल्याणच्या वसतिगृहात टाइप वनचे मूल ठेवायचे झाले तर? गृहपालाच्या खोलीतल्या फ्रिजचा एक कप्पा, एवढाच प्रश्न असतो, आणि तेवढ्यावरून शिक्षण थांबते.

कंपन्यांचे दातृत्व वेगळेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मग १४ नोव्हेंबरला फुगे येतात, बॅनर येते, मुलांना 'योद्धा' लिहिलेले टी-शर्ट मिळतात आणि एक-एक मीटर, सोबत पंचवीस स्ट्रिप. पंचवीस स्ट्रिप म्हणजे सहा दिवस. सातव्या दिवशी ते मीटर कपाटात जाते. फोटोत मात्र ते मूल वर्षभर हसत असते. आम्हाला हा 'योद्धा' शब्दच मान्य नाही. आठ वर्षांच्या पोराला योद्धा म्हटले की त्याला लढायला पाठवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. ज्याच्या बापाला भरपगारी रजा नाही, त्याला टी-शर्ट देणे ही थट्टा आहे. दोन टक्क्यांचे उपकार नकोत. ठेक्यावरच्या कामगाराला मुलाच्या तपासणीसाठी महिन्यातून एक दिवस पगारी रजा द्या आणि अशा पालकाचा फोन सुपरवायझरच्या टेबलावर चालू राहू द्या. याला पैसा लागत नाही, माणूस समजावे लागते.

आता बाबासाहेबांकडे. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखणारा प्रा. अडारकरांचा अहवाल त्याच काळात, १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. म्हणजे ज्या ईएसआयच्या कार्डावर चाकणचा कामगार आज रांगेत उभा राहतो, तिच्या पायाशी बाबासाहेबांचा कारभार आहे. त्या विम्यात कामगाराच्या कुटुंबाचाही औषधोपचार येतो. पण पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवर अडकलेली आहे. पगार थोडा वाढला की माणूस विम्याबाहेर. ठेकेदाराने ब्रेक दिला की कार्डाची भानगड नव्याने. जन्मभराच्या आजाराला सहा-सहा महिन्यांचा विमा! टाइप वनच्या मुलाचे संरक्षण बापाच्या हजेरीपासून वेगळे केलेच पाहिजे.

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी. बाबासाहेब स्वतः मधुमेही होते. त्यांचा आजार या मुलांच्या आजारासारखा बालपणीचा नव्हता, उतारवयातला होता. पण इन्सुलिनच्या सुया, पायातल्या कळा, झोप नसलेल्या रात्री त्यांनी काढल्या आणि तशाच अवस्थेत संविधानाचे आणि धम्माचे काम केले. इथून जवळच, तळेगाव दाभाड्याला त्यांचा बंगला आहे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हाही ते आजारीच होते. त्यांची सुई, पथ्य, औषधे सांभाळणाऱ्या डॉ. सविता आंबेडकरांना, माईसाहेबांना, महापरिनिर्वाणानंतर आपण काय दिले? संशय. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला तरी कुजबुज वर्षानुवर्षे थांबली नाही. माईसाहेबांच्या राजकारणाविषयी कुणाचे काही मत असो. पण काळजी घेणाऱ्या बाईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायची ही सवय आमच्या वस्त्यांत आजही आहे. पोराची साखर ४०० गेली की पहिला प्रश्न, "काय खायला घातलंस?" हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी एक रात्र तिच्याबरोबर जागून दाखवावी.

त्यामुळे समदुःखींचा आधार हवाच, पण तो मोबाईलमधून वस्तीत उतरला पाहिजे. चाकण परिसरात जयंतीच्या डीजेला जो खर्च होतो, त्याचा एक छोटा हिस्सा काढला तर एका विहारात एक छोटा फ्रिज आणि वर्षभराच्या काही स्ट्रिप येतात. रविवारी सुट्टी असते, वंदना होते, तिथेच तासभर या आया बसल्या तर जो प्रश्न ग्रुपवर विचारायची लाज वाटते तो तोंडाने विचारता येईल. तिथे जातीची चौकशी नको; मराठा, मुस्लिम, बिहारी, कुणाचेही मूल असो. वय वाढलेली, टाइप वनसह नोकरी करणारी मुले तिथे आली पाहिजेत, कारण आठ वर्षांच्या पोराला सगळ्यात जास्त धीर येतो तो पंचविशीतला कुणीतरी आपल्यासारखीच सुई काढून पोटाला टोचतो, मग खीर खातो, हे बघून. पण विहाराने सरकारचे काम अंगावर घ्यायचे नाही, हेही लक्षात ठेवा. फ्रिज आपण आणू, स्ट्रिपची पहिली पेटीही आणू. दुसरी पेटी मागायला मात्र मोर्चाने जायचे.

मागण्या साध्या आहेत. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस टाइप वनसाठी, त्या दिवशी बालरोगतज्ज्ञ हजर, आणि दिवसाला चार या हिशेबाने महिन्याच्या स्ट्रिप, सुया, इन्सुलिन हातात. परिसरातल्या प्रत्येक खाजगी दवाखान्यात उलट्या करणाऱ्या मुलाची साखर सलाईनआधी तपासायची सक्ती. आणि ज्या आया आज रात्री दोनला फुकट उत्तरे देतात, त्यांना आशाताईंसारखे प्रशिक्षण, ओळखपत्र आणि मानधन. त्यांचे ज्ञान खरे असेल तर त्याला मोबदलाही खरा हवा.

खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे इथल्या मित्रांनी १ मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा आहे. ठरावाची प्रत गटविकास अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी दोघांना, पोच घेऊन. ठराव मांडायला पुढारी नको. ज्या आईच्या पर्समध्ये मीटर आहे, तिने उठून बोलावे, आणि बाकीच्यांनी तिच्या शेजारी उभे राहावे.

जय भीम.